नीट चालवणाऱ्याला स्वस्त? कुठं?

'जो गाडी नीट चालवतो त्याला हप्ता कमी' हे गाडीच्या विम्यावरच्या लेखातलं वाक्य आमच्या राळेगावकडं येऊन म्हणून दाखवा. नो क्लेम बोनस, म्हणजे वर्षभर भरपाई मागितली नाही तर हप्त्यात मिळणारी सूट, मिळते ती स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्यावर. आम्ही काढतो नुसता थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरून देणारा, अन् तिथं हप्ता इंजिनाची सीसी पाहून ठरतो. २०२२ च्या दरानं १२५ सीसीच्या दुचाकीला वर्षाला ७१४ रुपये, वर जीएसटी. माझी गाडी घर ते वावर, फार तर बाजारापर्यंत. अकरा वर्षांत कोणाला घासली नाही. नागपुरात रोज साठ किलोमीटर पळवणाऱ्या भाच्यालाही तेवढेच!

मागच्या दिवाळीत पऱ्हाटीतून रोही (नीलगाय) आडवा आला. हेडलाइट फुटला, हँडल वाकलं. थर्ड पार्टीत याचा छदामही मिळत नाही, हे एजंटभाऊंनी तेव्हा सांगितलं.