बिबट्याचा पंचनामा, लांडग्याची लाळ

जुन्नर-शिरूर पट्ट्यात बिबट्यानं माणूस मारला की आमच्या भावकीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन-तीन दिवस दुसरा विषय नसतो. नसबंदी करा, जामनगरला वनतारात धाडा, गोळ्या घाला, लांबच्या जंगलात नेऊन सोडा. मग पुण्यातल्या एखाद्या चुलतभावाचा ठरलेला मेसेज येतो, 'जंगल त्यांचं होतं, आपण घुसलो.' त्यावर ओतूरकडची मंडळी खवळतात, आणि त्यांचं खवळणं रास्त आहे. त्या रानात जंगल नव्हतं, बाजरी होती. कुकडीचं पाणी आलं, ऊस आला, आणि उसात बिबट्या आला. शेवटी कुणीतरी मला टॅग करतं: 'ताई, तू प्राण्यांवरच संशोधन करतेस ना? जर्मनीत काय करतात सांग की.'

मी लायप्झिगला असते आणि माझं काम वटवाघळांवर आहे, त्यामुळे बिबट्याबद्दल माझा शब्द शेवटचा मानू नये. पण जर्मनीच्या ज्या सॅक्सनी राज्यात मी राहते तिथं लांडग्यावरून असंच रान पेटलेलं असतं, आणि त्यातून गावाकडच्या वादाला उपयोगी पडेल असं थोडं आहे. ग्रुपला अपेक्षित असतं तसं मात्र ते नाही.

पूर्व जर्मनीतल्या लाउझित्स भागातला शेवटचा लांडगा १९०४ मध्ये मारला गेला. लोक त्याला 'साब्रोड्टचा वाघ' म्हणत, कारण हा सर्कशीतून सुटलेला वाघ असावा अशी आवई उठली होती. लांडगा कसा दिसतो हेच लोक विसरले होते. त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षं लांडग्याचं कुटुंब नाही. २००० साली त्याच भागात, लष्कराच्या सरावाच्या मैदानावर पिल्लं झाली. मादी-नर पोलंडच्या बाजूनं चालत आलेले. २०२३-२४ च्या मोजणीत देशात २०९ कळप निघाले. इथला मेंढपाळ आजही म्हणतो की शहरातल्या लोकांना लांडगा आवडतो, कारण त्यांची मेंढरं सुपरमार्केटात असतात. भाषा बदला, हे ओतूरच्या पारावरचं वाक्य आहे.

फरक आहे तो मेंढी मेल्यानंतर. मालक फोन करतो, सरकारनं नेमलेला प्रशिक्षित माणूस येतो. तो मेंढीचं कातडं सोलून सुळ्यांच्या खुणांमधलं अंतर मोजतो, चाव्याच्या कडेनं कापसाचा बोळा फिरवून लाळ उचलतो, नळीत बंद करतो. नमुना गेल्नहाउझेनच्या झेंकेनबेर्ग संस्थेच्या प्रयोगशाळेत जातो. लांडगा, कुत्रा की कोल्हा हे तिथं ठरतं, आणि नमुना बरा निघाला तर नेमका कोणता लांडगा हेही कळतं. कधीकधी कुत्राच निघतो आणि गावाची पंचाईत होते. मग ती नोंद राज्याच्या तक्त्यात चढते: तारीख, गाव, किती जनावरं, मारणारा कोण, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचा रकाना, कुंपण नियमाप्रमाणं होतं का. हा तक्ता कुणीही उघडून बघू शकतो. मेंढपाळ बघतो, वार्ताहर बघतो, मीही एकदा नको तितक्या रात्री उघडून बसले आहे.

या पद्धतीनं कुणालाच सोडलेलं नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये उर्सुला फॉन डेर लायन यांचा, म्हणजे युरोपीय आयोगाच्या अध्यक्षांचा, डॉली नावाचा पोनी हानोफरजवळ लांडग्यानं मारला. लाळेतून आरोपीही सापडला: जीडब्ल्यू-९५०-एम. पुढच्या वर्षी आयोगानं लांडग्याच्या संरक्षणाचा फेरविचार काढला. दोन्हींचा संबंध नाही असं सांगितलं गेलं. इथं त्यावर अजून विनोद होतात.

आता ग्रुपला न आवडणारा भाग. एवढी चोख माहिती असून शास्त्रज्ञांचं ऐकलं गेलं का? तर फारसं नाही. डिसेंबर २०२४ मध्ये युरोपातल्या वन्यजीव संरक्षणाच्या बर्न कराराच्या स्थायी समितीनं लांडग्याला 'काटेकोर संरक्षित' यादीतून खाली उतरवलं आणि पुढच्या वर्षी युरोपीय कायदाही त्यामागं गेला. लांडग्यावर आयुष्य घातलेल्या कितीतरी अभ्यासकांनी याला आधार पुरेसा नाही असं म्हटलं होतं. तेव्हा 'तिकडे विज्ञानावर धोरण चालतं' हा आपला समज मी तरी पसरवणार नाही. आणि संशोधकाचे हाल म्हणाल तर इथंही कायदा आहे: विद्यापीठात कंत्राटावर साधारणपणे पीएचडीच्या आधी सहा आणि नंतर सहा वर्षं, पुढं कायमची जागा मिळाली तर ठीक, नाहीतर नमस्कार. एखाद्या वटवाघळाच्या पाठीवर ट्रान्समीटर चिकटवायचा तर जो कागद भरावा लागतो तो बघितला असता तर आमचे तलाठीभाऊसाहेबसुद्धा हबकले असते.

एवढंच की भांडणाऱ्या दोन्ही बाजूंसमोर तक्ता एक असतो.

आपल्याकडे संशोधन कमी पडतं असंही नाही. २००८ च्या सुमारास विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले तालुक्यात शेतांमध्ये कॅमेरे लावले. जंगल म्हणावं असं तिथं जवळपास नाही, चौरस किलोमीटरला तीनशेहून जास्त माणसं, आणि तरी शंभर चौरस किलोमीटरमागे जवळजवळ पाच प्रौढ बिबटे निघाले, शिवाय तेवढीच तरसं. विष्ठेच्या अभ्यासातून दिसलं की बिबट्याच्या पोटात जाणाऱ्या मांसापैकी ८७ टक्के पाळीव प्राण्यांचं होतं आणि त्यात सर्वांत मोठा वाटा, ३९ टक्के, कुत्र्यांचा. शेळ्या कुत्र्यांच्या सातपट असूनही त्यांचा वाटा ११ टक्केच. हे आकडे इथल्या सहकाऱ्यांना सांगितले की ते 'पुन्हा सांग' म्हणतात. माणसांच्या एवढ्या दाटीत मोठं मांसभक्षक जनावर कसं राहतं, हे त्यांनी आपल्याकडून शिकायचं आहे.

'लांब नेऊन सोडा' याचं उत्तरही आपल्याकडे केव्हाच मिळालंय. २००१ पासून जुन्नर भागातले बिबटे पकडून सरासरी चाळीसेक किलोमीटरवरच्या जंगलांत सोडले. त्यानंतर जुन्नर भागात माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी चारावरून सतरावर गेले. कारणही शोधून ठेवलेलं आहे: अनोळखी मुलखात टाकलेलं, पिंजऱ्यात धसका घेतलेलं जनावर माणसाच्या वाटेत येतं, आणि इकडे रिकाम्या झालेल्या हद्दीत दुसरा, बहुधा तरणा बिबट्या येऊन बसतो. २००९ मध्ये टाकळी ढोकेश्वरला विहिरीतून काढलेल्या 'आजोबा' नावाच्या बिबट्याला माग काढणारी कॉलर घालून माळशेजला सोडलं, तर गडी रेल्वे, महामार्ग, खाडी सगळं ओलांडत शंभराहून जास्त किलोमीटर चालत मुंबईच्या दारात पोचला. एवढं सगळं माहीत असून दर हिवाळ्यात ऊसतोड सुरू झाली, पाचटात बछडी सापडली, की वाद पुन्हा पहिल्या पायरीवरून सुरू. नसबंदीचंही तसंच: नसबंदी झालेला बिबट्या वर्षानुवर्षं त्याच उसात राहतो आणि तेवढंच खातो. संख्या कालांतरानं घटेल कदाचित, पण या वर्षी शाळेत जाणाऱ्या पोराला त्याचा उपयोग काय?

आणि संख्या तरी कुठं माहीत आहे? देशपातळीवरच्या २०२२ च्या अंदाजात महाराष्ट्रात १,९८५ बिबटे आहेत, पण ती मोजणी मुख्यतः वाघांच्या जंगलांसाठी आखलेली. उसातल्या बिबट्यांबद्दल ती फारसं काही सांगत नाही.

सांगू शकतो तो पंचनामा. शेळी मेली की वनरक्षक वस्तीवर येतो. गोठा कसला, दार होतं का, जनावर बांधलेलं होतं की मोकळं, किती वाजता, ओरखडे कुठं, ठसा किती बोटं; पशुवैद्यकाचा दाखला, पंचांच्या सह्या, मोबाईलवरचे फोटो. आमच्या आत्याची गाभण शेळी गेली तेव्हाचा पंचनामा मी वाचलाय. 'गोठ्यास तिन्ही बाजूंनी कुडाचे आवरण, समोरील बाजू उघडी' असं स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं. जर्मन तक्त्यातला कुंपणाचा रकाना तो हाच! फक्त आपल्याकडे भरपाईचा धनादेश निघाला की हे कागद फायलीत बांधले जातात आणि फाईल कपाटात जाते. वर्षानुवर्षांचे, शेकडो गावांचे. प्राणिपरिस्थितिकीच्या कुठल्याही अभ्यासकानं ज्यासाठी पाच वर्षांचा प्रकल्प मागितला असता, ते साहित्य रेंज ऑफिसात पडून आहे.

इथं एक गोष्ट मान्य करायला हवी. लांडगे परतल्यापासून जर्मनीत त्यांनी एकाही माणसाचा जीव घेतलेला नाही. त्यामुळे इथला वाद कितीही तापला तरी तो मेंढ्यांचा वाद राहतो. शिरूरमध्ये लेकरू गेलेल्या घराला 'आधी नोंदी ठेवा' म्हणणं मला जमणार नाही, आणि लायप्झिगमधून तर मुळीच नाही. पण नोंदी त्या घराच्याच बाजूनं बोलतील असं मला वाटतं. शेतकरी कधीपासून मागतायत की पंपांना दिवसा लाईट द्या, रात्री बारी धरायला उसात जावं लागतं. हल्ल्यांपैकी किती रात्रपाळीच्या लाईटच्या आठवड्यात झाले, किती ऊस तुटल्यावर पंधरा दिवसांत, किती जण खाली बसलेले किंवा वाकलेले होते, हे कुणी जोडून मांडलं तर ती मागणी वीज खात्याला टाळता येणार नाही. कॅमेरा, सायरन, एआय यांवर खर्च करायला माझी ना नाही. पण सायरन कुठं लावायचा हे ठरवणार कशावरून? सध्या तो बहुधा जिथं मोर्चा निघाला तिथं लागतो.

ग्रुपवर हे लिहिलं तेव्हा वनखात्यातल्या एका नातेवाइकानं शंका काढली: ठिकाणं उघड केली तर फासे लावणाऱ्यांचं फावेल. शंका खरी आहे. जर्मनीतही लांडगे चोरून मारले जातात, म्हणून सार्वजनिक तक्त्यात गावापर्यंतच नाव येतं, शेत नाही. आपल्यालाही गट नंबर आणि मालकाचं नाव झाकून गाव, तारीख, वेळ, गोठ्याची अवस्था एवढं उघडं ठेवता येईल. माहिती अधिकारात एकेक अर्ज टाकून मिळवण्यापेक्षा हे खात्यालाही सोयीचं.

माणसं कुठून आणायची, हा त्याचा दुसरा प्रश्न. जुन्नर, नारायणगाव, मंचर, शिरूर, सगळीकडे महाविद्यालयं आहेत आणि प्राणिशास्त्राची पोरं दरवर्षी प्रकल्प म्हणून आवारातल्या फुलपाखरांची यादी करतात. मीही केली होती, माझ्या आधीच्या बॅचनं केलेलीच. त्यातल्या चार पोरांना उन्हाळ्यात रेंज ऑफिसात टेबल-खुर्ची द्या आणि मागच्या दहा वर्षांचे पंचनामे उतरवायला सांगा. त्यावर नातेवाईक म्हणाला, 'वरून आदेश आला पाहिजे.' आदेश कुणाच्या सहीनं निघतो ते मी त्याला विचारलंय. अजून दोन निळ्या टिकांपलीकडे उत्तर नाही.