बुरुजाखालचे अठरा जण

वादाला तोंड फुटलं ते धाकट्याच्या मोबाइलमुळे. भूकंपात आडवं झालेलं एक शहर, ढिगाऱ्यातून उपसून काढलेली गादी, एका बाईचा आक्रोश, आणि त्या सगळ्यावर कुणा प्रचारकाचा चढा आवाज: हा देवाचा न्याय आहे, यांच्या पापाचा घडा भरला होता. धाकट्यानं क्लिप मध्येच थांबवली आणि मला विचारलं, "तुमच्यात खरंच असं मानतात?"

तुमच्यात म्हणजे ख्रिस्ती लोकांत. कट्ट्यावर आम्ही तसे तिघं. मी रविवारपुरता, मास्तर सातही दिवस, आणि ताई. ताईंची उभी हयात नर्सिंगमध्ये गेली, त्या प्रार्थनेबद्दल अवाक्षर काढत नाहीत. वकील कशालाच मानत नाही, पण बायबल त्यानं माझ्यापेक्षा जास्त वाचलंय. उलटतपासणी घ्यायची म्हणून वाचलंय, ती गोष्ट वेगळी.

मी "छे, तसं काही नसतं रे" असं काहीतरी पुटपुटलो. मास्तरांना ते खपलं नाही.

"का नसतं? जलप्रलय कुणी आणला? सदोम नगरावर अग्नी कुणी पाडला? नगरावर विपत्ती आली तर ती परमेश्वरानं आणली नसेल काय, असं आमोस संदेष्टा सरळ विचारतो. देव न्यायी आहे म्हणायला जीभ का अडखळते तुझी?"

वकिलाला आयताच झेल मिळाला. "मास्तर, पोर्तुगालचं लिस्बन आठवतंय? 1 नोव्हेंबर 1755, सर्व संतांचा सण, सकाळची वेळ, चर्चं माणसांनी भरलेली. नेमका तेव्हा भूकंप. छतं कोसळली ती प्रार्थना करणाऱ्यांवर. जे वाचून नदीकाठी पळाले त्यांच्यावर समुद्र आला, आणि मागे वेदीवरच्या मेणबत्त्यांनी शहर पेटवलं. न्याय म्हणायचा तर न्यायाधीशानं वेळ फारच विचित्र निवडली."

"त्याचंही उत्तर होतं लोकांकडे," मास्तर म्हणाले.

होतं ना. मालाग्रिदा नावाच्या येशूसंघी फादरांनी 1756 मध्ये पुस्तिकाच छापली, की धूमकेतू, वाफा, निसर्ग असलं काही कारण सांगू नका, आपली पापं हेच कारण. तिकडे इंग्लंडात जॉन वेस्लीनंही याच सुरात लिहिलं. म्हणजे कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट, ज्यांचं एरवी एका वाक्यावर एकमत होत नव्हतं, त्यांचं यावर झालं. वकिलाला मात्र वेगळीच गोष्ट सांगायची होती. पोर्तुगालचा मंत्री पोंबाल यानं धर्मगुरूंकडे एक प्रश्नावली धाडली: धक्का किती वेळ टिकला, पुन्हा किती बसले, समुद्र आधी आत गेला की बाहेर आला, किती माणसं दगावली. "आणि पॅरिशच्या फादरांनीच ती भरून पाठवली. भूकंपशास्त्राची सुरुवात लोक तिथून मोजतात. एक फादर पाप मोजत होता, बाकीचे धक्के मोजत होते. मी दुसऱ्यांच्या बाजूचा."

"आपल्याकडे गांधीजींनीही केलं होतं की हे," धाकटा म्हणाला. (त्याला हे माहीत होतं याचं आम्हा सगळ्यांनाच नवल वाटलं.) 1934 च्या जानेवारीत बिहारचा भूकंप झाला तेव्हा गांधीजी म्हणाले, ही अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा. रवींद्रनाथांनी जाहीर विरोध केला. त्यांचा मुद्दा सरळ होता: या तर्काचा दोर ज्याच्या हाती लागेल तो आपल्याला हवं ते पाप त्याला बांधेल.

"आणि बांधतातच," वकील म्हणाला. "काळ्या मृत्यूच्या, म्हणजे प्लेगच्या, साथीत काय झालं? आधी म्हणाले देवाचा कोप. मग कोप कुणामुळे, याचा शोध. मग ज्यूंनी विहिरींत विष कालवलं. 14 फेब्रुवारी 1349 ला स्ट्रासबुर्गमध्ये ज्यूंना जिवंत जाळलं."

"पोप सहावे क्लेमंट तेव्हाच सांगत होते की हे खोटं आहे, ज्यूसुद्धा याच रोगानं मरताहेत," मास्तर म्हणाले. "तेही सांग."

"सांगतो. ऐकलं कुणी?"

यावर मास्तर गप्प झाले. ते गप्प झाले की डोळे मिटतात, त्यामुळे हरले की वचन आठवताहेत ते कळत नाही. मला मात्र तेवढ्यात एक अध्याय आठवला आणि मी घाईनं तोंड उघडलं. लूक, तेरावा अध्याय. लोक येशूकडे ताजी बातमी घेऊन येतात: रोमी सुभेदार पिलातानं काही गालीलकरांना यज्ञ करतानाच मारलं, त्यांचं रक्त त्यांच्याच यज्ञबलींत मिसळलं. येशू विचारतो, ते बाकीच्या गालीलकरांपेक्षा जास्त पापी होते असं वाटतं का तुम्हाला? आणि मग स्वतःहून दुसरी बातमी काढतो. शिलोहातला बुरूज पडून अठरा जण मेले, ते यरुशलेमेतल्या बाकीच्यांपेक्षा जास्त अपराधी होते का? मी सांगतो, नाही.

"झालं तर मग," मी म्हणालो. "एक माणसाचा जुलूम, एक नुसता अपघात. दोन्हीला उत्तर एकच, नाही."

मास्तरांनी डोळे उघडले. "पुढचं वाक्य कुठे गेलं?"

मी ते गिळलं होतं, हे कबूल करतो. पुढचं वाक्य असं: पण तुम्ही पश्चात्ताप केला नाही तर तुमचाही सर्वांचा असाच नाश होईल.

"बघा!" वकील खूश. "एका हातानं दिलं, दुसऱ्यानं काढून घेतलं. आधी म्हणायचं त्यांचं पाप नव्हतं, आणि लगेच धमकी."

इथे मला वाटतं, वकील पहिल्यांदा चुकला, आणि मास्तरांनी त्याला बरोबर पकडलं. "धमकी कुणाला आहे ते बघ. मेलेल्यांबद्दल प्रश्न आला, उत्तर विचारणाऱ्याकडे वळलं. 'ते' म्हणून वाक्य सुरू झालं आणि 'तुम्ही' म्हणून संपलं. न्याय त्यानं नाकारला नाही. फक्त त्याचं तोंड फिरवलं."

"मग ती क्लिप?"

"त्या क्लिपमध्ये 'तुम्ही' आहे कुठे? सगळं 'ते'च."

धाकट्यानं खरंच क्लिप पुन्हा लावून बघितली. एकदाही नव्हतं.

आता वकील असा सोडणारा नाही. त्यानं बाजू बदलली, आणि हा त्याचा प्रश्न मला अजून चावतो. "ठीक. पण मग न्याय उरला कुठे तुमच्याकडे? कुठलीच आपत्ती न्याय नाही म्हणायचं, आणि देव न्यायाधीश आहे हेही म्हणायचं. निवृत्त न्यायाधीश आहे का?"

मी म्हणालो, देव प्रीती आहे, त्याला न्याय वगैरे शब्द जरा जुने झाले. यावर ताई पहिल्यांदा बोलल्या. "जुने कसे? भूकंप माणसाला क्वचित मारतो. घर मारतं. सिमेंटमधला पैसा ज्यानं खाल्ला तो दुसऱ्या गावी झोपलेला असतो. त्याला कुणीच कधी विचारणार नाही, असं म्हणायचंय तुला?"

मला तसं म्हणायचं नव्हतं. शिलोहाचा बुरूज बांधला कुणी होता, हा प्रश्न मात्र मला त्याआधी कधी पडला नव्हता.

"आमोस हेच तर म्हणतो," मास्तर सरसावले. "खोटे तराजू, गरिबाला एका जोड्याच्या मोलानं विकणारे, भुसा धान्य म्हणून खपवणारे. देवाचा कोप तिथे आहे. आणि त्याच्या पुस्तकाचं पहिलंच वाक्य बघ, तारीख काय घातलीय? भूकंपाच्या आधी दोन वर्षे. आधी! संदेष्टा आधी बोलतो, तेव्हा ऐकायला कुणी तयार नसतं. नंतर ढिगाऱ्यावर उभं राहून बोलायला संदेष्टा कशाला लागतो?"

"पण मास्तर," वकील म्हणाला, "आमोस दक्षिणेचा. यहूदातला. जाऊन बोलला उत्तरेच्या इस्राएल राज्यात. तोही 'त्यांच्या'बद्दलच बोलत होता की. तिथल्या याजकानं त्याला हाकललं, तुझ्या गावी जाऊन भाकर खा म्हणून."

खरं आहे ते. मास्तरांना क्षणभर सुचेना. मग म्हणाले, "हो. पण सातवा अध्याय वाच. टोळधाडीचा दृष्टान्त दिसतो तेव्हा हा टाळ्या पिटत नाही. प्रभू, क्षमा कर, याकोब, म्हणजे इस्राएल, कसा टिकेल, तो लहान आहे, असं विनवतो. दोनदा विनवतो, आणि दोन्ही वेळा परमेश्वर माघार घेतो. अब्राहामही तेच करतो. सदोमासाठी पन्नासांपासून दहापर्यंत घासाघीस. सर्व जगाच्या न्यायाधीशाने योग्य न्याय करू नये काय, असं तोंडावर विचारतो. ज्याला देवाचा न्याय खरंच दिसतो ना, तो आधी मध्ये पडतो."

"आणि योना?"

"निनवे शहराला नाशाचा इशारा देऊन योना बाहेर जाऊन बसला, त्याचं काय होतंय ते बघायला." मास्तर हसले. "प्रेक्षक. तो क्लिपवाला योनाच आहे, पण चौथ्या अध्यायातला."

अंधार पडला होता. रस्त्यावरचा दिवा लागतो-विझतो करत होता, त्यामुळे बोलणाऱ्याचा चेहरा कधी दिसे, कधी नाही. विषय श्रद्धेकडे वळला तो असाच, कुणी ठरवून नाही. धाकट्यानं विचारलं, मग संकटात विश्वास असून उपयोग काय, वाचवत तर नाही.

कोरोनाच्या साथीत एक स्तोत्र सगळीकडे फिरत होतं, 91 वं. तुझ्या बाजूस हजार पडतील, उजव्या हातास दहा हजार, तरी मरी तुझ्याजवळ येणार नाही. सुंदर स्तोत्र आहे, मला पाठ आहे. पण त्याच्या जोरावर काहींनी मुखपट्टी भिरकावली, बंद खोलीत दाटीवाटीनं सभा घेतल्या. ताईंनी अशा एका सभेतली माणसं नंतर वॉर्डात बघितली.

"हे स्तोत्र नव्या करारात कोण म्हणून दाखवतं, ठाऊक आहे?" वकिलानं विचारलं. उत्तर त्याला ठाऊक होतं. सैतान. येशूला मंदिराच्या टोकावर उभं करतो आणि म्हणतो, उडी टाक, देवदूत तुला झेलतील असं लिहिलंय. वचन अगदी बरोबर उद्धृत करतो. येशू म्हणतो, देवाची परीक्षा पाहू नकोस.

"मार्टिन ल्यूथरनं हेच सांगितलं होतं," मास्तर म्हणाले. 1527 साली विटेनबर्गमध्ये प्लेग आला तेव्हा ल्यूथर गाव सोडून गेला नाही, घरातच रुग्ण ठेवून घेतले. पळावं की राहावं यावर त्यानं एक लांबलचक पत्र लिहिलं. प्लेग देवाकडून येतो हे तो मानत होताच, आणि त्याच दमात सांगत होता: देवाला दयेची विनंती करीन, मग धुरी देईन, औषध घेईन आणि देईन, गरज नसेल तिथे जाणार नाही, आणि शेजाऱ्याला माझी गरज लागली तर कुठलीच जागा टाळणार नाही. औषध न घेणं त्याच्या लेखी विश्वास नव्हता, देवाची परीक्षा पाहणं होतं.

वकील म्हणाला, हा माणूस माझ्या पक्षात चालेल. मास्तर म्हणाले, बाकीचा ल्यूथर वाच, मग बोल.

मास्तरांनी मग कार्थेजचा बिशप सिप्रियन याची गोष्ट काढली. तिसऱ्या शतकातली साथ. ख्रिस्ती लोकांना धक्का बसला होता तो मरणाचा नव्हे, तर मूर्तिपूजकांसारखे आपणही मरतोय याचा. सिप्रियननं त्यांना सांगितलं, देह आहे तोवर सगळं सारखंच. पीक बुडालं तर सगळ्यांचं बुडतं, जहाज खडकावर आपटलं तर आतले सगळेच बुडतात. विश्वास म्हणजे वेगळी होडी नव्हे.

मला स्वतःला प्रेषितांच्या कृत्यांतला एक छोटा प्रसंग जास्त पटतो, आणि तो कुणी सांगत नाही म्हणून मीच सांगितला. अगब नावाचा संदेष्टा अंत्युखिया शहरात येतो आणि सांगतो, मोठा दुष्काळ पडणार. रोमी बादशहा क्लौद्य याच्या वेळेस तो पडलाही. आता भविष्य कळल्यावर तिथली ख्रिस्ती मंडळी काय करते? कुणाच्या पापानं, शेवटचे दिवस आले का, एक अक्षर नाही. प्रत्येकानं ऐपतीप्रमाणे द्यायचं ठरवलं आणि यहूदीयात मदत पाठवली. चार ओळींत प्रकरण संपतं.

"ताई, तुम्ही काय सांगायचात पेशंटला?" धाकट्यानं विचारलं. "असं कुणी विचारलं तर?"

"विचारायचे ना. माझं काय चुकलं, सिस्टर? सगळ्या धर्मांचे विचारायचे, शब्द तेच." ताई थोडं थांबल्या. "जन्मांधाला बघून शिष्यांनी विचारलं होतं, पाप याचं की याच्या आईबापाचं. येशू म्हणाला, याचंही नाही, त्यांचंही नाही. मग थुंकीनं चिखल कालवून त्याच्या डोळ्यांना लावला. मी उत्तर द्यायचे नाही. उशी सरळ करायचे, ऑक्सिजनची नळी बघायचे. सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस सात रात्री नुसते शेजारी बसले होते, तेवढंच त्यांनी बरं केलं. तोंड उघडलं आणि वाया गेले. शेवटी देव रागावला तो त्यांच्यावर, ईयोबावर नाही."

"पण तुमचा विश्वास राहिला?"

"काही रात्री नव्हता," ताई म्हणाल्या. "ड्युटी होती."

यावर बराच वेळ कुणी बोललं नाही. मग मास्तरच म्हणाले, पण पूर्वीचा जोर नव्हता आवाजात, "माझं एक अडतं. दावीद राजानं शिरगणती केली म्हणून मरी आली, सत्तर हजार मेले. दावीद स्वतः म्हणतो, पाप मी केलंय, या मेंढरांनी काय केलं? ते तिथे स्पष्ट लिहिलंय, न्याय म्हणूनच लिहिलंय. ते मला शिलोहाच्या बुरुजाशी जुळवता येत नाही. चाळीस वर्षं शिकवतोय मी हे."

वकिलानं उत्तर दिलं नाही. देऊ शकला असता.

उठता उठता मास्तरांनी धाकट्याला बाजूला घेतलं. ती क्लिप मंडळीच्या ग्रुपवर त्यांनीच टाकली होती. सगळ्यांकडून काढून टाकायची कशी, ते विचारत होते.

"कधी टाकलीत?"

"चार दिवस झाले."

"मग नाही निघत आता," धाकटा म्हणाला. "खाली काहीतरी लिहा हवं तर."

मास्तर दिव्याखाली उभं राहून एका बोटानं बराच वेळ टाइप करत होते. आम्ही पुढे निघालो.