एचएसएम घ्याच, पण कार्ड कोणाकडे राहील ते आधी ठरवा

आमच्या अमळनेरच्या शाळेच्या ग्रुपवर सध्या वाद पेटलाय. एक मित्र पतसंस्थेचं आयटी बघतो, तो म्हणतो सर्व्हरच्या एन्क्रिप्शन की, म्हणजे माहिती कुलूपबंद करायच्या डिजिटल किल्ल्या, एचएसएममधे ठेवा (या किल्ल्या सांभाळणारं वेगळं सुरक्षित मशीन), आणि संचालक म्हणतात एवढा खर्च कशाला, सर्व्हर रूमला कुलूप आहे ना. मग मला विचारतात, भो तुमच्या युरोपात कसं असतं?

मित्राचं बरोबर आहे. 2014 मधे हार्टब्लीड नावाचं भगदाड निघालं तेव्हा ओपनएसएसएल या वेबसाइटचं कनेक्शन सुरक्षित करणाऱ्या सॉफ्टवेअरमधल्या एका चुकीमुळे बाहेरचा कोणीपण सर्व्हरची मेमरी 64 केबीच्या तुकड्यांनी वाचू शकत होता आणि त्यात सर्व्हरच्या गुप्त (प्रायव्हेट) कीसुद्धा निघाल्या, कुलूप काय करणार तिथं? एचएसएममधे की आतच तयार होते, सही आतच होते, सर्व्हरला फक्त उत्तर मिळतं.

पण युरोपचं विचारता तर मी राहतो त्या नेदरलँड्सचंच ऐका. डिजिनोटार ही वेबसाइट खरी आहे याचं डिजिटल सर्टिफिकेट देणारी कंपनी, सरकारी वेबसाइटसुद्धा तिच्या भरवशावर, आणि तिच्याकडे एचएसएम होते बरं का. 2011 मधे हॅकर शिरला, पाचशेवर खोटी सर्टिफिकेटं काढली, त्यातलं गूगलचं इराणमधल्या लोकांवर वापरलं गेलं. की चोरायची गरजच पडली नाही, कारण चौकशी अहवालानुसार एचएसएम चालू करायची स्मार्टकार्डं बहुतेक कायम मशीनमधेच खोचलेली असायची, म्हणजे की आयती चालू. सप्टेंबरात कंपनीचं दिवाळं निघालं.

आपल्याकडे ग्रामपंचायतीचं डीएससी टोकन बघा, म्हणजे डिजिटल सही करायचा पेनड्राइव्हसारखा तुकडा. वित्त आयोगाचा पैसा काढायला सरपंच आणि ग्रामसेवक (आता पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी) दोघांच्या डिजिटल सह्या लागतात, विचार एकदम चांगला. मी आमच्या भागात पाहिलं तर दोन्ही टोकन ऑपरेटरच्या ड्रॉवरमधे, एकाच रबरात बांधलेले, आणि पिन चिकटपट्टीवर लिहून टोकनलाच लावलेला. सरपंच ताई म्हणे, "भाऊ, ते त्याना जोडेच ऱ्हास, माले काय समजस." (ते त्याच्याकडेच असतं, मला काय कळतं.) त्यांच्या सहीने लाखो रुपये जातात हे त्यांना कोणी नीट बसून सांगितलंच नाही, याचा मला खरंच राग येतो.

म्हणून संचालकांना सांगतो, एचएसएम घ्या, कार्डं पाच जणांत वाटा, त्यातली कोणतीही तीन एकत्र आल्याशिवाय की चालू होऊ नये ही सोय मशीनमधेच असते, आणि एकही कार्ड व्हेंडरकडे नको. लाइट गेली, सर्व्हर बंद पडला की तिघांना परत बोलवावं लागेल म्हणून कार्ड आतच राहू द्या असं कोणीतरी म्हणेलच, तेव्हा ऐकू नका, यूपीएस चांगला घ्या.