रयतेची जीभ कशी ताब्यात घ्यावी

अभिनंदन! मुलूख जिंकलात, किल्ल्यावर निशाण चढलं. आता रयतेच्या जिभेचं काय करायचं, असा पेच पडला असेल तर गोव्यात यावं. पोर्तुगीजांचा साडेचारशे वर्षांचा दांडगा अनुभव इथे आयता मिळेल.

आधी त्यांची भाषा मन लावून शिका. थॉमस स्टीफन्स पाद्रीबाबाने लिहिलेलं कोंकणीचं व्याकरण 1640 साली गोव्यातल्या राशोलला छापून निघालं. बंदी कशावर घालायची ते ठाऊक हवं ना!

मग फर्मान काढा. 1683 साली फोंड्याच्या किल्ल्यावरून संभाजीराजांनी ज्याला हात हलवत परत पाठवलं, त्याच व्हाइसरॉयने पुढच्या जूनमध्ये हुकूम सोडला: तीन वर्षांत कोंकणी विसरा, पोर्तुगीज बोला. किल्ला नाही तर नाही, निदान क्रियापदं तरी घेऊ!

ऐकत नाहीत? लग्नं अडवा. 1745 साली आर्चबिशपने अडवली.

शाळेत पोरांना बोलू देऊ नका. (1812 साली तशी बंदी झाली. गोव्यात पाद्री, इतरत्र कॉन्व्हेंटच्या बाई, दंड तोच.)

एवढं करूनही मेली ती चुलीपाशी जिवंत राहतेच. म्हणून शेवटचा, बिनखर्चाचा उपाय: तिला 'नोकरांची भाषा' म्हणा. बस. पहारा नको, फौज नको. पुढचं काम घरचेच लोक करतात, तेही हौसेने.

परवा पणजीला मावसबहिणीकडे जेवायला होतो. पेज, चेपणीतलं तोर, म्हणजे मिठाच्या पाण्यात मुरलेली कैरी. तिचा पाच वर्षांचा मुलगा आजीला म्हणाला, "मातशी पेज आनीक घाल गो." झालं! बाईसाहेब कडाडल्या, "डोंट टॉक लाइक द मेड! से इट प्रॉपरली." पोराने ताट पुढे केलं होतं, ते मागे घेतलं. आजी पळी हातात धरून तशीच उभी. आणि सगळ्यांसमोर हिचं चालूच: शाळेत चांगलं दिसत नाही, उद्या इंटरव्ह्यू आहे, तुला नाही कळायचं. तिकडून पुण्याचे आमचे मेव्हणे घास गिळत म्हणतात, "नाहीतरी कोंकणी म्हणजे मराठीची बोलीच ना!" वा! भाषेची राखण करायला निघालेले हे दुसरे.

अगं, 1961च्या डिसेंबरात गेले ते पोर्तुगीज! तुला कोणी हुकूम दिलाय? व्हाइसरॉयला जे जमलं नाही ते तू जेवणाच्या टेबलावर करतेस, आणि वर त्याला संस्कार म्हणतेस? लाज वाटायला हवी. आणि भावोजी, तुम्ही गप्प बसा, तुमची नात घरी काय बोलते ते पाहिलंय मी.

त्या पोराला आधी पेज वाढा.