साडूचा सीडी प्लेअर आणि माझे दहापैकी सात

माझ्याकडे जो डिस्क प्लेअर आहे तो मी तापकीर गल्लीतून घेतलाय, दीड हजारात, घासाघीस करून, वर दुकानदाराने एक वायर फुकट दिली. डीव्हीडी, व्हीसीडी, एमपीथ्री, काय द्याल ते खातो. ट्रे बाहेर येताना कुरकुरतो, पण या वयात आपणही कुरकुरतोच. तर हे सगळं सुखात चाललेलं असताना साडूभाऊंनी सव्वा लाखाचा सीडी प्लेअर घेतला. जो फक्त सीडी वाजवतो.

आता साडूने काही घेतलं की बघायला जावं लागतं. फ्रीज असेल तर उघडायचा, गार हवा घ्यायची, "वा" म्हणायचं, विषय संपला. याच्यात तसं नसतं, याच्यात ऐकावं लागतं आणि नंतर फरक जाणवला असं सांगावं लागतं.

कोथरूडला पोचलो तर प्लेअर अर्धा तास आधीपासून गरम होत ठेवलेला, ग्रॅनाइटच्या लादीवर. पंखा बंद, कारण पंख्याचा आवाज येतो. एप्रिल महिना. खिडक्या बंद, कारण रिक्षा. सासूबाईंना कुकर लावायला बंदी. असे आम्ही घाम पुसत बसलोय आणि यमन सुरू झाला, आणि दोन मिनिटांत साडूभाऊ, "आला ऐकू? तबल्याची शाई वेगळी ऐकू येतेय, आणि वाद्यांच्या मधली हवा बघा." हवेचं नाव काढल्यावर मी पंख्याकडे बघितलं. बायकोने माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "हो, हवा आहे."

पण मग माझ्यातला इंजिनिअर गप्प बसेना (डिप्लोमा का असेना). म्हटलं, अहो, 1982 साली सीडी बाजारात आली तेव्हापासून तिच्यावर सेकंदाला 44,100 वेळा घेतलेली मापं आहेत, एकेक 16 बिटचं, आणि लहानसहान ओरखडा असेल तर तो भरून काढायचं गणित त्यातच घातलंय. म्हणजे आकडे माझा डबाही तेच वाचतो, तुमचाही तेच. पुढे आकड्यांचा आवाज करणारी चिप आणि त्यामागचं सर्किट, त्यात फरक असेल तर असेल, पण तो कानाला कळतो का एवढाच प्रश्न आहे. साडूभाऊ म्हणाले, "मग आणा तुमचा डबा."

पुढच्या रविवारी डबा पिशवीत घालून गेलो. सासऱ्यांनी लग्नात दोन्ही जावयांना यमनची तीच सीडी दिलेली (दोन घेतल्या की स्वस्त पडतं), ती इथे कामाला आली. पहिल्या फेरीत त्यांचा प्लेअर सरळ सरळ भारी वाटला, मलासुद्धा, खोटं कशाला बोलू. मग मल्टिमीटर काढला, एक किलोहर्ट्झचा टेस्ट टोन लावला, तर माझा 1.7 व्होल्ट देतोय आणि त्यांचा 2.2, म्हणजे दोन डेसिबलच्या वर फरक, आणि जरा मोठा आवाज कानाला नेहमी चांगलाच वाटतो. अर्धी हवा तिथेच निघाली. दोन्हींचा आवाज सारखाच मोठा यावा म्हणून व्हॉल्यूमच्या बटणावर पेन्सिलने दोन खुणा केल्या आणि भाचीला अँप्लिफायरमागे बसवलं: दहा वेळा नाणं उडवायचं, छापा आला तर मामाचा... म्हणजे काकांचा, काटा आला तर बाबांचा. आम्ही दोघं भिंतीकडे तोंड करून, हातात कागद, शाळेत शिक्षा झाल्यासारखे. सासूबाई मधेच म्हणाल्या, "जावईबापू, चहा टाकला तर आवाज होईल का हो?"

निकाल: साडूभाऊ दहापैकी चार. मी दहापैकी सात.

फरक कळत नाही म्हणणारा मी, आणि सात माझे! साडूभाऊ पडलेलं तोंड उचलून एकदम उठले, मला मिठीच मारली, म्हणे, "बघा, तुम्हालासुद्धा ऐकू आलं!" मी सांगतोय की अहो नुसता नाणेफेकीवर अंदाज लावला तरी दहात सात किंवा जास्त येण्याची शक्यता 17 टक्के असते, निदान पन्नास वेळा तरी करायला पाहिजे, पण पन्नास म्हटल्यावर भाची क्लास आहे म्हणून पळाली, आणि बायको म्हणाली, "अहो, जिंकलात ना, मग आता गप्प बसा." जिंकलो कुठे? हरलो होतो मी, सात मार्कांनी.

संध्याकाळी सासऱ्यांनी कपाटातून एक सीडी काढली, त्यांच्या जुन्या कॅसेटवरून कॉम्प्युटरवर कुणाकडून तरी भरून घेतलेली, वर स्केचपेनने "आईच्या ओव्या". सव्वा लाखाच्या प्लेअरमध्ये घातली. फिरली, थांबली, परत फिरली. नो डिस्क. पुसून घातली. नो डिस्क. माझ्या डब्यात घातली तर कुरकुरत आत गेली आणि वाजायला लागली, खरखर, मागे कुणाचं तरी बाळ रडतंय, जात्याची घरघर, आणि भाचीच्या पणजीचा आवाज. पंखा केव्हाच कुणीतरी लावला होता.

निघताना सासऱ्यांकडे बघून पिशवी तिथेच ठेवली. काल साडूभाऊंचा फोन, जरा हळू आवाजात: "अहो, तो तुमचा डबा ग्रॅनाइटवर ठेवलाय मी. वाजवायच्या आधी किती वेळ गरम होऊ द्यायचा?"