'धमक असली की घर मिळतं' म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

बर्लिनला नव्याने येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी खोली शोधण्याबद्दल मी जो लेख लिहिला होता त्याच्याखाली 'स्टुटगार्टकर' या नावाने एक लांबलचक प्रतिक्रिया आलीये. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: मी पालकांना उगाच घाबरवतो, ब्लॉक्ड अकाउंटचा (व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायचं खातं, त्यातून दर महिन्याला ठरावीक रक्कमच मिळते) आकडा जुना आहे, युनिव्हर्सिटीची हॉस्टेलं असतातच, जर्मन नीट शिकून गेलं तर निम्मे प्रश्न सुटतात, आणि मग शेवटचं वाक्य, "आम्ही १९९४ ला कंपनीतर्फे गेलो तेव्हा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप नव्हते, तरी कुणाकडे रडत बसलो नाही, ज्याच्यात धमक असते त्याला घर मिळतंच."

आकड्याचं तुमचं बरोबर आहे साहेब. लेख टाकला तेव्हा वर्षाचे ११,२०८ युरो दाखवावे लागायचे, सप्टेंबर २०२४ पासून ११,९०४ झाले, म्हणजे महिन्याला ९९२. एवढंच लिहिलं असतंत तर मी थँक्यू म्हणून विषय संपवला असता.

पण ते शेवटचं वाक्य काही डोक्यातून जात नाहीये. तुम्ही स्वतःच लिहिलंय, कंपनीतर्फे गेलो. म्हणजे पगार पहिल्या महिन्यापासून सुरू, मागे कंपनीचं नाव, कागदपत्रं बघायला ऑफिसातलं कुणीतरी. आणि शहर स्टुटगार्ट. त्याच काळात बर्लिनमध्ये, खास करून पूर्वेकडे, घरं रिकामी पडलेली असायची. आता तिथे काय झालंय? २०२० मध्ये शहराने कायदा करून भाडी गोठवली, एप्रिल २०२१ मध्ये घटनात्मक कोर्टाने तो कायदा रद्द केला, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बर्लिनच्या लोकांनी सार्वमतात निम्म्याहून जास्त मतांनी सांगितलं की मोठ्या कंपन्यांची घरं सरकारने ताब्यात घ्यावीत. हे मतदार तिथले नागरिक होते, त्यांना जर्मन येतं, त्यांच्याकडे पगाराच्या स्लिपा आहेत, शुफाचा, म्हणजे उधारी वेळेवर फेडतात की नाही याचा, रिपोर्ट आहे. त्यांच्यातही धमक नव्हती का? मग इचलकरंजीचा नाहीतर नांदेडचा बावीस वर्षांचा पोरगा, ज्याच्याकडे यातलं काहीच नाही, त्याला घर मिळालं नाही की तो रडका कसा काय ठरतो?

मी इचलकरंजीचाच. वडिलांचे माग होते, घर तारण ठेवून एज्युकेशन लोन काढलेलं. बर्लिनच्या नॉयकोल्न भागात एक खोली मिळाली, स्टेशनजवळ, उजेडाची, फोटो बघून घरचे सगळे खूश. ज्याच्याकडून घेतली तो स्वतःच भाडेकरू होता आणि मूळ मालकाला पत्ताच नव्हता की आत कोणी राहतंय. मी तिथे पोचल्यावर तो म्हणाला पत्त्याच्या नोंदणीसाठी सही देणार नाही, दारावर आणि पत्रपेटीवर नावही लावू देणार नाही.

आता इथे बसून 'त्यात काय एवढं' वाटतं ना, मलाही घरच्यांना फोनवर समजावून सांगता येत नव्हतं. घरात राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत ब्यूर्गरआम्टात, म्हणजे नागरिक सेवा कार्यालयात, पत्ता नोंदवायचा असा नियम आहे, त्याला आन्मेल्डुंग म्हणतात, आणि त्याला घर देणाऱ्याच्या सहीचा कागद लागतो. भाडेकराराची झेरॉक्स चालत नाही. (अपॉइंटमेंट दोन आठवड्यांत मिळत नाही ते वेगळंच, पण शहरातल्या कुठल्याही ब्यूर्गरआम्टात जाता येतं, सकाळी सकाळी साइट बघत राहायची.) ती नोंदणी झाली की टॅक्स आयडी पोस्टाने त्याच पत्त्यावर येतो, आणि पेटीवर नाव नसेल तर पोस्टमन पत्र टाकत नाही, परत पाठवतो. टॅक्स आयडी वेळेत दिला नाही की पार्टटाइम कामाच्या पगारातून सगळ्यात चढ्या दराने टॅक्स कापला जातो. बऱ्याच बँका खातं उघडायला नोंदणीचा दाखला मागतात, आणि खातं नाही म्हणजे ब्लॉक्ड अकाउंटमधले स्वतःचेच ९९२ युरो हातात येत नाहीत. विमा कंपनीचं कार्ड पोस्टानेच. निवास परवान्यालाही तोच दाखला, आणि व्हिसाची मुदत तर पुढे सरकतच असते. एका सहीवर सगळं अडून बसतं हो. मी ओळखीच्यांच्या फरशीवर झोपून, लेक्चरं बुडवून दुसरी खोली शोधली आणि मार्त्सानला गेलो, पार पूर्वेच्या टोकाला. ट्रेनमध्ये वेळ जायचा पण सेमिस्टर तिकीट (विद्यार्थ्यांचा प्रवासाचा पास) असतंच, आणि पेटीवर माझं नाव होतं. यात मी कुठे रडलो ते दाखवा.

आणि एक गोष्ट लेखात लिहिली नव्हती, आता लिहितोच. माझ्या वर्गातल्या एका मुलीने भारतातूनच डिपॉझिट भरलं, समोरचा म्हणाला मी सध्या परदेशात आहे, चावी कुरियरने पाठवतो. चावी आली नाही, पैसेही गेले. तिच्या आईशी मी बोललोय. त्या माऊलीला जाऊन सांगा तुमच्या मुलीत धमक कमी पडली, आहे हिंमत? तीस वर्षांपूर्वीच्या अनुभवावर आजच्या पोरांना नावं ठेवायची, वर नाव लपवून, हे मला अजिबात पटलेलं नाही आणि ते मी गोड शब्दांत सांगणार नाही.

हॉस्टेलबद्दल: बर्लिनमध्ये विद्यार्थी २ लाखांच्या आसपास, हॉस्टेलं चालवणाऱ्या स्टुडियरेन्डेनवेर्क या विद्यार्थी सेवा संस्थेकडे जागा १० हजारांच्याही आत. तुम्हीच हिशोब करा. अर्ज मात्र प्रवेशाचं पत्र हातात पडल्या दिवशीच टाकायचा, हे लेखात होतंच. जर्मन शिकावं हे कोण नाही म्हणतंय.

पालक घाबरतात म्हणता, तर थोडे घाबरू देत. तिकीट काढायच्या आधी त्यांनी पोराला एवढंच विचारावं, सहीचा कागद मिळणार का, पेटीवर नाव लागणार का. लांबची खोली चालेल, बारकी चालेल, तात्पुरती दोन-तीन महिन्यांची असली तरी चालेल, पण नोंदणी होणारी हवी. आणि खोली किंवा खरा करार बघितल्याशिवाय एक युरो पाठवायचा नाही.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. आकडा आज बदलतो. बाकी लेखातली एकही ओळ सौम्य करणार नाहीये, कारण ऑक्टोबरचं सेमिस्टर जवळ आलंय आणि इनबॉक्समध्ये रोज कोणीतरी त्याच उजेडाच्या खोलीचे फोटो पाठवून विचारतंय, दादा, ही घेऊ का?