आहेही आणि नाहीही

सारी हयात सरकारी कचेरीत गेल्यामुळे एकाच अर्जावर 'मंजूर' आणि 'नामंजूर' असे दोन्ही शेरे मी पाहिलेले आहेत. परंतु ते दोन्ही एकाच वेळी खरे असू शकतात, हे मला प्रथम ज्युपिटर नोटबुकने, म्हणजे पायथन या संगणकभाषेतील आज्ञा चौकटींत लिहून तिथल्या तिथे चालवण्याच्या वहीने, शिकवले.

निवृत्तीनंतर पावसाच्या आकड्यांचा एक आलेख काढावा, एवढीच माझी महत्त्वाकांक्षा होती. पहिल्या चौकटीत, आकड्यांचे तक्ते हाताळणारे पांडाज नावाचे तयार पॅकेज बोलावण्यासाठी, 'इम्पोर्ट पांडाज' लिहून शिफ्ट-एंटर दाबताच तांबड्या पट्टीत उत्तर आले : 'मॉड्यूल नॉट फाउंड एरर', म्हणजे असे पॅकेज येथे नाही. म्हणून टर्मिनल, म्हणजे संगणकाला थेट आज्ञा लिहून देण्याची खिडकी, उघडून पॅकेजे बसवणाऱ्या पिपकडे 'पिप इन्स्टॉल पांडाज' अशी रीतसर मागणी केली, तर तेथे 'रिक्वायरमेंट ऑलरेडी सॅटिस्फाइड', म्हणजे ते आधीच बसवलेले आहे, असे केवळ पांडाजबद्दलच नव्हे, तर नमपाय, डेटयुटिल आणि सिक्स या त्याच्या गोतावळ्याबद्दलही ओळीमागून ओळ कळवण्यात आले. नोटबुकात परतलो. तांबडी पट्टी जागच्या जागी होती.

भाचीला फोन लावला. "मामा, तुमच्या लॅपटॉपवर पायथन एकच आहे असं कोणी सांगितलं तुम्हाला?" असे तिने विचारले आणि चौकटीत 'इम्पोर्ट सिस' व त्याखाली 'सिस.एक्झिक्यूटेबल' लिहायला लावले. नोटबुक वापरत असलेल्या पायथनचा जो पत्ता उमटला, तो टर्मिनलमधील पायथनचा नव्हताच. नोटबुकातील आज्ञा पाळणारा कर्नेल स्वतःच्या पायथनवर चालतो आणि टर्मिनलमधील पिप दुसऱ्याच पायथनच्या फोल्डरात सामान टाकतो. म्हणजे दोन्ही शेरे खरे, फक्त कार्यालये वेगळी. याच घोळावर उपाय म्हणून 2019 सालापासून चौकटीतच टक्क्याचे चिन्ह घालून 'पिप इन्स्टॉल' लिहिण्याची सोय झाली आहे. त्या जागी उद्गारचिन्ह घातले, तर आज्ञा टर्मिनलमागे बसून आज्ञा घेणाऱ्या शेलकडे जाते आणि तेथे जो पिप आधी सापडेल तो कामाला लागतो. असल्या प्रसंगी उद्गारचिन्ह वापरण्याचा मोह किती होतो, हे अनुभवी जाणतात.

टक्क्याने काम झाले आणि खाली सूचना आली, की नवे पॅकेज वापरण्यासाठी कर्नेल पुन्हा सुरू करावा लागू शकेल. 'लागू शकेल' ही भाषा मला परिचित आहे. तिचा अर्थ 'लागेलच' असा समजून चालणे बरे. मात्र कर्नेल पुन्हा सुरू होताच आधीच्या चौकटींत साठवलेले सारे तो विसरतो, आणि वरपासून एकेक चौकट पुन्हा चालवावी लागते. शिवाय काही पॅकेजे बसवायची एका नावाने आणि बोलवायची दुसऱ्या : 'सायकिट-लर्न' मागवावे आणि 'एसकेलर्न' म्हणावे, 'ओपनसीव्ही-पायथन' मागवावे आणि 'सीव्ही2' म्हणावे. यांपैकी एकही मला नको होते, हे त्यातल्या त्यात सुदैव.

अखेर आलेख काढणारे मॅटप्लॉटलिबही बसले आणि आलेख उमटला. उभ्या अक्षाला मी हौसेने 'पाऊस' असे नाव दिले होते. त्या जागी चार रिकामे चौकोन उभे होते, कारण मॅटप्लॉटलिबच्या मूळच्या फॉन्टमध्ये देवनागरी नाही.

"मामा," भाची म्हणाली, "आता फॉन्ट इन्स्टॉल करू या."